जुना लेथ घरी आणण्याआधी आणि आणल्यावर

‘जुना लेथ घेतला, पण जॉब टेपर येतोय. बेड ग्राइंड करून घेऊ का?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. त्याच्या मागोमाग ठरलेले प्रश्न येतात. घरी थ्री फेज नाही, मग काय करायचं? तेल कुठलं घालायचं? सोसायटी हरकत घेते, वीज कंपनी दंड लावेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः चुकून शिकलो. माझा साडेचार फुटी लेथ कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका बंद झालेल्या वर्कशॉपमधून आला. चार स्टेपची कोन पुली, इंचाचा लीड स्क्रू. पहिला बार टर्न केला तर दीडशे मिलिमीटरमध्ये आठ शंभरांशाचा फरक. मी बेड ग्राइंडिंगचा दर विचारून आलो आणि पैशांची जमवाजमव करायला लागलो. ओळखीचे एक निवृत्त टर्नर काका बघायला आले. त्यांनी बेडकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली बसून चारही पायांखाली कागदाची पट्टी सरकवून बघितली. टेलस्टॉककडच्या एका पायाखालून पट्टी आरपार गेली. लेथ तीन पायांवर उभा होता. पितळी पत्र्याचा एक तुकडा तिथे गेला, बोल्ट पुन्हा आवळले आणि फरक दीड शंभरांशावर आला. ग्राइंडिंगचे पैसे वाचले, आणि बरंच काही बिघडायचंही वाचलं. कारण बेड ग्राइंड केला की सॅडल खाली बसतो आणि त्याबरोबर एप्रन. मग लीड स्क्रू, हाफ नट, रॅक, फीड रॉड सगळ्यांची रेषा चुकते. ती परत जुळवणं हे जाणकार फिटरचं कित्येक दिवसांचं काम आहे.

म्हणून एवढं आधी पक्कं करा: मोजल्याशिवाय काही उघडायचं नाही, आणि लेथ नीट बसवल्याशिवाय मोजायचंही नाही.

आधी ठरवा, काम काय आहे

मॉडेल इंजिन, सायकल-मोटारसायकलचे बुश, शेतीपंपाचा शाफ्ट, मुलांचे प्रोजेक्ट यांसाठी साडेचार ते सहा फुटी लेथ पुष्कळ झाला. ‘मोठा स्वस्त मिळतोय’ म्हणून आठ-दहा फुटी धूड घेऊ नका. भंगाराच्या भावात मिळालेला मोठा लेथ घरात आणणं महाग पडतं आणि बाहेर काढणं त्याहून महाग.

आपल्याकडे जुन्या बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. बंगळूरच्या एचएमटीचे आणि हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे गिअर हेडचे लेथ, म्हणजे एंटरप्राइज, टर्नमास्टर वगैरे. बटाला आणि राजकोटकडचे साधे, कोन पुलीचे लेथ. आणि कॉलेज किंवा आयटीआयच्या लिलावातले. हरिहरचा कारखाना बंद झाला असला तरी त्या लेथवर हात बसलेले मिस्त्री कोल्हापूर, सांगली, भोसरीत भेटतात, ही मोठी सोय आहे. आयटीआयचे लेथ दिसायला खराब असतात. मुलांनी चक आपटलेले असतात, हँडल वाकवलेली असतात. पण त्यांच्यावर उत्पादनाचा मारा झालेला नसतो, त्यामुळे बेड बरेचदा चांगला निघतो. रंगावर जाऊ नका. विक्रीच्या आठवड्यात रंगवलेला लेथ मी दुप्पट वेळ बघतो.

बघायला जाताना

सोबत मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, टॉर्च, सुती कापड, फूटभर गोल बार आणि एक लाकडी दांडा न्या. लेथ चालू करून दाखवता येत नसेल, तर तो चालत नाही असं धरूनच किंमत बोला.

- बेड: चकाजवळ पुढच्या ‘व्ही’वरून नख फिरवा. पायरी लागली तर झीज आहे. मग कॅरेज चकाजवळ आणून त्याचा लॉक बोल्ट किंचित आवळा, हाताला जेमतेम जड लागेल इतकाच. आता कॅरेज टेलस्टॉककडे न्या. मध्येच अडकलं तर चकाकडचा बेड तेवढा खाल्ला गेलाय.
- स्पिंडल: स्पिंडलच्या नाकावर डायल लावा आणि चकात धरलेला बार लाकडी दांड्याने वर उचलून बघा. दोन-तीन शंभरांश हलला तर ठीक. पाचच्या वर गेला तर बेअरिंग किंवा गन मेटल बुश आवळायला हवा, आणि आवळायला जागा उरली आहे का तेही विचारा.
- आवाज: सगळ्या स्पीडवर आणि बॅकगिअर लावून चालवा. ठरावीक अंतराने ‘टक्’ होत असेल तर दात तुटलाय. वीस मिनिटांनी हेडस्टॉकवर तळहात ठेवा. हात ठेववत नसेल तर बेअरिंगमध्ये गडबड आहे.
- हाफ नट: लावा, सोडा, पुन्हा लावा. आपोआप सुटत असेल तर आटे पाडता येणार नाहीत.
- तडे: हेडस्टॉक, पाय, चकाची बॉडी यांवर ब्रेझिंगचा पिवळा डाग शोधा. चकाचे जॉ पुढे फाकलेले असतात. बार धरून तो तोंडाशी हलतोय का ते बघा.
- सोबतचं सामान: चार जॉ चक, फेस प्लेट, स्टेडी, चेंज गिअर, सेंटर. सौदा ठरण्याआधी हे सगळं एका जागी मांडून मोजा. ‘गोदामात आहे, नंतर देतो’ असं ठरलेलं सामान सहसा हाती लागत नाही.

क्रॉस स्लाइडच्या हँडलला पाव फेरा प्ले असेल तर घाबरू नका. नट बदलता येतो, आणि तोवर नेहमी एकाच बाजूने कट देत गेलात तर काम अचूक होतं. टेलस्टॉकचा बॅरल सैल, जिब ढिल्या, हँडल तुटलेलं, पट्टा फाटलेला, ही सगळी घरी होणारी कामं आहेत. खाल्लेला बेड, फुटलेलं हेडस्टॉक आणि गिअर हेडमधले एकाहून जास्त तुटलेले दात, या तीनपैकी काही निघालं तर हात जोडून परत या. ठरवलेल्या पैशांतला निदान तिसरा हिस्सा टूल, मोजमापाची साधनं आणि वायरिंगसाठी मागे ठेवा.

व्यवहार आणि कागद

- पावती घ्याच. त्यावर मेक, मॉडेल, सिरियल नंबर आणि ‘या मशीनवर कुठल्याही बँकेचा बोजा नाही’ हे वाक्य लिहून घ्या. बंद पडलेल्या कारखान्यातलं मशीन कर्जाला तारण असू शकतं.
- मशीनचा व्यापार करणाऱ्याकडून स्वतःच्या वापरासाठी घेतलंत, तर तुम्ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आहात. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेऊन स्वतः चालवणाराही ग्राहकच धरला जातो. फसवणूक झाली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.
- एखाद्या गृहस्थाने स्वतःचा जुना लेथ विकला तर हे संरक्षण सहसा मिळत नाही. तिथे तुमची तपासणी हाच आधार.

आणताना

साडेचार फुटी लेथसुद्धा चारपाचशे किलोच्या घरात जातो, आणि त्यातलं बहुतेक वजन हेडस्टॉककडे आणि वरच्या बाजूला असतं. त्यामुळे तो मागेपुढे कलंडतो. कॅरेज आणि टेलस्टॉक टेलस्टॉकच्या टोकाला सरकवून लॉक करा म्हणजे तोल सावरतो. नायलॉनचा पट्टा बेडभोवती घाला, आणि लीड स्क्रू व फीड रॉडला तो चुकूनही टेकू देऊ नका. वाकलेला लीड स्क्रू घेऊन लोक येतात तेव्हा तो बहुधा टेम्पोत चढवतानाच वाकलेला असतो. जमिनीवर सरकवायला पाइपचे तुकडे आणि पहार पुरते. टेम्पोतून उतरवायला मात्र चेन पुली किंवा हायड्राच हवी. ‘आम्ही सहा जण आहोत की’ म्हणून हाताने उतरवू नका. निघण्याआधी घराच्या फाटकाची रुंदी मोजा.

वरच्या मजल्याचा विचार करत असाल तर एक हिशेब मांडा. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून डिझाइन केलेला असतो. पाचशे किलोचा लेथ जेमतेम पाऊण चौरस मीटर जागेत, तोही चार बिंदूंवर उभा राहतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत असल्याशिवाय तळमजल्याच्या वर जाऊ नका.

बसवणं: इथे घाई नको

लेथचा बेड ओतीव लोखंडाचा, दिसायला दणकट. पण चार पाय वेगवेगळ्या पातळीवर असले की तो पिळला जातो, आणि जॉबवर दिसायला तेवढा पीळ पुरे होतो. घरातल्या लादीवर लेथ ठेवू नका. लादीखाली पोकळी असते, ती आज ना उद्या तडकते. तेवढ्या लाद्या काढून, जाळी टाकून सहा इंच काँक्रीट घाला, रोज पाणी मारा आणि निदान दोन आठवडे त्यावर वजन टाकू नका.

मग पुढच्या क्रमाने जा:

१. चारही पायांवर वजन आल्याची खात्री करा. काकांची कागदाची पट्टी इथे उपयोगी पडते. पट्टी सहज सरकते तिथे पितळी किंवा लोखंडी पत्र्याचं पॅकिंग द्या. लाकूड, रबर, पुठ्ठा नको.

२. बोल्ट आत्ता फक्त हाताने आवळा. गवंड्याच्या पाणसळीने आडवा-उभा अंदाज घ्या. मशीनची बारीक लेव्हल कुणाकडून दोन दिवसांसाठी मिळाली तर फारच उत्तम, पण तिच्यावाचून अडत नाही.

३. आता खरी परीक्षा. ४० मिलिमीटर जाडीचा बार चकात असा धरा की दीडशे मिलिमीटर बाहेर राहील. टेलस्टॉक लावायचा नाही. मधला भाग थोडा खाली उतरवून दोन्ही टोकांना बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या ठेवा.

४. एचएसएसचं टूल ताजी धार लावून घ्या. क्रॉस स्लाइडला हात न लावता, एकाच सेटिंगवर, दोन्ही पट्ट्यांवरून अगदी हलका कट घ्या. मायक्रोमीटरने दोन्ही व्यास मोजून लिहून ठेवा.

५. बाहेरच्या टोकाची पट्टी जाड आली तर टेलस्टॉककडच्या दोन पायांपैकी तुमच्या बाजूचा पाय किंचित उचला. बारीक आली तर भिंतीकडचा उचला. चकाकडच्या पायांना हात लावायचा नाही.

६. बोल्ट आवळा, पुन्हा कट घ्या, पुन्हा मोजा. आवळल्यावर आकडा बदलतो, तेव्हा ‘आवळून मोजलं’ तोच आकडा खरा.

घरच्या कामाला दीडशे मिलिमीटरमध्ये दोन शंभरांश फरक पुष्कळ चांगला. तिथे पोहोचायला मला पहिल्यांदा एक अख्खी दुपार लागली, बारा-तेरा कट झाले. आठवड्याने पुन्हा मोजा, लेथ आणि काँक्रीट दोन्ही थोडे बसतात. हे सगळं होऊनही टेपर हटत नसेल, तेव्हाच हेडस्टॉकची रेषा आणि बेडची झीज यांचा विचार करा.

टेलस्टॉक लावून येणारा टेपर ही वेगळी गोष्ट. तो टेलस्टॉकच्या बाजूच्या स्क्रूने काढायचा असतो. या दोन टेपरची गल्लत करून अनेक जण महिनोन्महिने चुकीचा स्क्रू फिरवत बसतात.

थ्री फेज मोटर, सिंगल फेज घर

इथे तीन वाटा आहेत.

- मोटर बदलणं: १ एचपी, १४४० आरपीएमची सिंगल फेज कपॅसिटर मोटर. सर्वांत सोपं आणि कुठेही दुरुस्त होणारं. शाफ्टचा व्यास आणि पायांची भोकं जुळतात का ते आधी बघा. ही मोटर पूर्ण थांबल्याशिवाय उलटी फिरत नाही, त्यामुळे झटपट रिव्हर्सची सवय सोडावी लागेल.
- व्हीएफडी: सिंगल फेज आत, २३० व्होल्टची थ्री फेज बाहेर. जुनी मोटर तीच राहते आणि स्पीड कमीजास्त करता येतो. मात्र ती मोटर २३० व्होल्ट डेल्टावर चालणारी हवी. आपल्याकडच्या लहान मोटरी, साधारण ३ एचपीपर्यंतच्या, ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा करता येतं. तीनच टोकं बाहेर असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून आतला स्टार सोडवून सहा टोकं बाहेर काढून घ्या. व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये जुना रिव्हर्सिंग स्विच ठेवू नका, चालू असताना तो फिरवला की ड्राइव्ह जळतो. चालू-बंद-उलट सगळं ड्राइव्हच्याच कंट्रोल वायरींवरून करा. फार कमी स्पीडवर तासन्‌तास चालवलं तर मोटरचा पंखाही मंद फिरतो आणि ती तापते, तिथे पुली बदलणंच बरं.
- थ्री फेज जोडणी: घरगुती ग्राहकालाही मागता येते. केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. अर्ज पूर्ण असेल आणि नवी लाइन ओढावी लागणार नसेल, तर नवीन जोडणी किंवा जोडणीतला बदल महानगरात ३, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत व्हावा, अशी मुदत त्यात आहे. अर्जाची पोच सांभाळून ठेवा.

नुसता कपॅसिटर लावून थ्री फेज मोटर सिंगल फेजवर पळवून देणारे भेटतात. मोटर फिरते, पण ताकद बरीच पडते आणि कट घेताना ती तापते. मी ही वाट सुचवत नाही.

कुठलीही वाट घ्या, साधा टॉगल स्विच लावू नका. पुश बटणाचा डीओएल स्टार्टर लावा, व्हीएफडी असेल तर तो ड्राइव्हच्या आधी. वीज गेली की त्याची कॉइल सुटते आणि वीज आल्यावर लेथ आपोआप सुरू होत नाही. चकात चावी आहे, हात जॉबवर आहे आणि गेलेली वीज अचानक आली, असा प्रसंग खेडोपाडी रोजचा आहे. सिंगल फेजसाठी घेताना स्टार्टरची कॉइल २४० व्होल्टची मागा. अर्थिंग वेगळं करा आणि बेडपर्यंत आणा.

तेल

महागडं तेल लागत नाही, योग्य तेल लागतं.

- बेड, क्रॉस स्लाइड, लीड स्क्रू: ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल. ते चिकटून राहतं, ओघळत नाही.
- गिअर हेड: ६८ ग्रेडचं हायड्रॉलिक ऑइल, काचेच्या खुणेपर्यंत. लेथच्या पाटीवर वेगळं लिहिलं असेल तर पाटीचं ऐका.
- गन मेटल बुशचा स्पिंडल: ३२ किंवा ४६ ग्रेड. तेलाच्या वाट्या दर वेळी सुरू करण्याआधी भरा. चालवून झाल्यावर भरण्याला अर्थ नाही.
- चक: आत तेल नको, तेवढ्याच रेषेत ते तुमच्या शर्टवर येतं. वर्षातून एकदा उघडून, रॉकेलने धुऊन, स्क्रोलला ग्रीसचं बोट लावा.

तेलाच्या निपलमध्ये ग्रीस भरू नका. ग्रीस तेलाची वाट बंद करतं आणि कीस धरून ठेवतं, मग तेच घासायच्या पेस्टसारखं काम करतं. गाडीचं जळकं तेल तर नकोच. गाडीचं नवीन इंजिन ऑइलसुद्धा गिअर हेडमध्ये नको. ते मळ तळाशी बसू न देता तरंगत ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. गाडीत ऑइल फिल्टर असतो, लेथमध्ये बहुधा नसतो.

बिडाचा जॉब टर्न करताना आणि जॉबला पॉलिश पेपर लावताना बेडवर कापड टाका. काम संपल्यावर कापड गुंडाळून बाहेर झटका, बेड पुसा, नवं तेल लावा. एअर गनने चिप्स उडवू नका, त्या सॅडलखाली जाऊन बसतात. ब्रश वापरा. चक काढताना बेडवर लाकडी फळी ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

हरवलेला गिअर आणि इंचाचा लीड स्क्रू

मेट्रिकचा कायदा १९५६ चा असला तरी त्यानंतर कित्येक वर्षं इंचाचे लेथ बनत राहिले. जुना मिस्त्री अजूनही ‘एक सूत कमी कर’ म्हणतो, म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंचाच्या लीड स्क्रूवर मेट्रिक आटे अचूक पाडता येतात, फक्त १२७ दातांचा गिअर हवा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७, म्हणून हा आकडा. असे आटे पाडताना हाफ नट मध्ये सोडायचा नाही. टूल मागे घ्या, मोटर उलटी फिरवून परत या.

चेंज गिअरचा संच साधारण २० पासून १२० पर्यंत पाच-पाचने चढत जातो. एखादा नसेल तर बनवून मिळतो, पण मापं तुम्ही बरोबर द्यायला हवीत. शेजारचा चांगला गिअर घ्या, दात मोजा, बाहेरचा व्यास मोजा. व्यासाला ‘दात अधिक दोन’ने भागा. ४० दातांचा गिअर ८४ मिलिमीटर भरला तर ८४ भागिले ४२, म्हणजे मॉड्युल २. तोच ६६.७ भरला तर उत्तर १.५८८ येतं. हे मेट्रिकचं नाही. इंचात तो व्यास २.६२५, आणि ४२ भागिले २.६२५ म्हणजे १६ डीपी. इथे ‘मॉड्युल दीड चालेल हो’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका, दात एकमेकांत बसणार नाहीत. दात, मॉड्युल किंवा डीपी, रुंदी, भोक आणि की-वे, पाचही मापं कागदावर लिहून द्या.

टूल आणि वेग

कोन पुलीच्या लेथवर कार्बाइडपेक्षा एचएसएस उजवं. कार्बाइडला वेग आणि दणकटपणा लागतो, तो या लेथकडे नसतो. वेगासाठी सोपा हिशेब: कटिंग स्पीडला ३१८ ने गुणा आणि व्यासाने भागा. माइल्ड स्टीलला मिनिटाला २५ मीटर धरा. २५ मिलिमीटरच्या बारला ३१८ आरपीएम येतात. बीड याहून सावकाश, पितळ याच्या दुपटीने.

जिवाची काळजी

- हातमोजे, सैल बाही, ओढणी, लोंबती साखळी, अंगठी, मोकळे केस: लेथजवळ यातलं काहीही नको.
- चकातून हात बाहेर आला की चावी हातातच यायला हवी. चावी चकात सोडून दुसरीकडे बघायचं नाही.
- पॉलिश पेपर बोटाला गुंडाळू नका. दोन हातांत पट्टीसारखा धरा.
- आट्याने बसणारा चक असेल तर उलट्या फेऱ्यात जोराचा कट किंवा एकदम ब्रेक नको, चक उघडून अंगावर येतो.
- लांब चिप्स हाताने ओढू नका, आकडी वापरा. चष्मा नेहमी.
- जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. घरात मुलं असतील तर रंग काढायचं काम बाहेर, ओलं करून, तोंडाला योग्य मास्क लावून.

सोसायटी, वीज कंपनी आणि तुम्ही

छंदासाठी लेथ ठेवणं आणि जॉबवर्क घेणं यांत कायद्याने फरक पडतो.

- छंद असेल तर: परवान्याची गरज नाही, घरगुती दर लागू. मंजूर भारात मोटर बसते का एवढं बघा. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट.
- पैसे घेऊन काम करत असाल तर: घरगुती जोडणीवर धंदा चालवला असं ठरलं, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि वापराचा काळ ठरवता आला नाही तर मागच्या १२ महिन्यांची. महाराष्ट्राच्या दर-आदेशांत घराच्या काही भागात छोटा व्यवसाय करणाऱ्यांना, वापर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असेल तर, घरगुती दरच लावण्याची तरतूद राहिली आहे. चालू आदेशात ती वाचून खात्री करा. उद्यम नोंदणीही करून ठेवा, ती आधारवर ऑनलाइन आणि मोफत होते.
- नोटीस आली तर: आधी तात्पुरती आकारणी मिळते. तिच्यावर लेखी हरकत घेण्याचा आणि बाजू मांडण्याचा तुम्हाला हक्क आहे. अंतिम आदेश ३० दिवसांत यायला हवा आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. अपिलासाठी निम्मी रक्कम भरावी लागते. तपासणीला आलेल्यांच्या कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नका.
- आवाज: निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. शेजाऱ्यांना हादरा आवाजापेक्षा जास्त जाणवतो, आणि तो बहुधा असमतोल चकामुळे किंवा गाठ पडलेल्या पट्ट्यामुळे येतो. आधी ते दुरुस्त करा, मग शेजाऱ्यांना बोलावून लेथ चालवून दाखवा. सोसायटीची परवानगी लेखी घ्या, आणि अर्जात वजन, मोटर, वेळ आणि ‘वैयक्तिक वापर’ हे स्पष्ट लिहा.

पावसाळा आणि खंडेनवमी

जूनच्या पहिल्या आठवड्यात बेड, चक, टेलस्टॉक बॅरल सगळं रॉकेलने पुसून स्लाइडवे ऑइलचा जाड हात द्या. वर सुती चादर टाका. प्लॅस्टिक टाकलं तर आत दव धरतं आणि एका रात्रीत तांबूस ठिपके उठतात. कोकणात असाल तर आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं लेथ रिकामा चालवा आणि कॅरेज बेडभर फिरवा. ठिपके आलेच तर तेल आणि जुन्या नायलॉनच्या घासणीने हलके काढा. बेडला पॉलिश पेपर लावायचा नाही.

वर्षातला सर्वांत जास्त गंज मी मात्र पावसात नाही, दसऱ्यानंतर पाहिलाय. खंडेनवमीला लेथ धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून पुजायचा ही आपली रीत मला फार प्रिय आहे. पण ओला झेंडू दोन दिवस बेडवर राहिला की पाकळीच्या आकाराचा डाग बेडवर उमटतो. नारळाचं पाणी सॅडलखाली गेलं तर ते दिसतही नाही. तेव्हा हार हेडस्टॉकच्या रंगवलेल्या भागाला बांधा, नारळ जमिनीवर फोडा, कुंकवाचं बोट बेडवर न लावता रंगावर लावा, आणि त्याच संध्याकाळी फुलं उचलून बेडवर तेलाचं फडकं फिरवा.